सायन्स ‘घेतलं’, की ‘घ्यावं लागलं’?

दहावीचा निकाल लागला की महाराष्ट्रातल्या घराघरांत एकच प्रश्न फिरू लागतो: “मग, कुठे घेतलं?” उत्तरात शाखेचं आणि कॉलेजचं नाव येतं, आणि विचारणारा तेवढ्यावर समाधान मानतो. खरी बातमी मात्र क्रियापदात दडलेली असते. “सायन्स घेतलं” असं सरळ सांगणारा एक, “मला सायन्सच घ्यायचं होतं” म्हणणारी त्याची वर्गमैत्रीण, “घ्यावं लागलं” म्हणून विषय बदलणारा तिसरा, आणि आई स्वयंपाकघरात गेल्याची खात्री करून “घ्यायला लावलं” असं हळूच सांगणारा चौथा. प्रवेशाच्या यादीत हे चौघेही एकाच रकान्यात बसतात. पालकांचं क्रियापद तर आणखी निराळं. ते म्हणतात, “धाकट्याला सायन्सला टाकलंय.” या वाक्यात धाकटा कर्म आहे, कर्ता नाही.

मराठीचं व्याकरण हा फरक जाता जाता दाखवून देतं. तो आकड्यांत पकडता येईल का, या प्रश्नाभोवती या विषयाचा सगळा व्याप आहे. विद्यार्थ्याने कोणती वाट धरली, ती त्याला झेपेल का, तिच्यात ‘स्कोप’ किती, हे सगळं विचारून झालेलं असतं. ती वाट आपणच धरली असं त्याला वाटतं का, हे विचारायचं राहून जातं. आणि विचारायचं तरी कसं? “तू स्वतंत्रपणे निर्णय घेतलास का?” असं विचारलं की पंधरा वर्षांचं पोर शिक्षकांच्या तोंडाकडे बघत “हो सर” म्हणणार, हे ठरलेलं.

तशी मोजमापाची आवड करिअर मार्गदर्शनाच्या क्षेत्राला जुनी. फ्रँक पार्सन्स या गृहस्थाने १९०८ मध्ये अमेरिकेत, बॉस्टनला व्यवसाय मार्गदर्शनाचं कार्यालय काढलं. त्याच वर्षी तो वारला आणि त्याचं पुस्तक १९०९ मध्ये, त्याच्या पश्चात निघालं. स्वतःला ओळखा, व्यवसायांची माहिती घ्या, दोन्हींचा मेळ घाला, ही त्याची त्रिसूत्री. मुंबईत १९४१ मध्ये बाटलीबॉय व्होकेशनल गायडन्स ब्यूरो सुरू झाला, पुढे राज्य सरकारची व्यवसाय मार्गदर्शन संस्था आली. पुण्यात आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनी सुरू केली, तीही मानसशास्त्रीय चाचण्यांचा हात धरूनच. २०१६ मध्ये तर राज्य मंडळाने दहावीच्या विद्यार्थ्यांची सरसकट कल चाचणी घेतली. कृषी, कला व मानव्यविद्या, वाणिज्य, ललित कला, आरोग्य व जैविक विज्ञान, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशी सात क्षेत्रं होती. शाळेतल्या संगणकासमोर बसून मुलांनी उत्तरं दिली आणि प्रत्येकाच्या कलाचा अहवाल तयार झाला.

‘कल’ हा शब्द नेमका आहे, पण तो अर्धंच सांगतो. तराजू कोणत्या बाजूला कलला ते दिसतं, पारड्यात वजन कोणी टाकलं ते दिसत नाही. आईवडील दोघेही डॉक्टर, खाली दवाखाना आणि वर घर, अशा घरात वाढलेल्या मुलीचा कल आरोग्य क्षेत्राकडे निघाला, तर तो तिचा म्हणायचा की त्या जिन्याचा? कल चाचणीला या प्रश्नाशी कर्तव्य नाही. तिचं काम वेगळं. पण हा प्रश्न विचारणारी दुसरी चाचणी शाळांमध्ये क्वचितच पोचते.

कायद्यापुरतं पाहिलं तर प्रश्न केव्हाच सुटला. हवा तो व्यवसाय करण्याचं स्वातंत्र्य राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ ने प्रत्येक नागरिकाला दिलं आहे. घटना लागू होण्याच्या चौदा वर्षं आधी, १९३६ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये जातिव्यवस्थेवर घेतलेल्या आक्षेपांपैकी एक नेमका हाच होता: माणसाचं काम त्याच्या कुवतीवरून किंवा आवडीवरून ठरत नाही, आईबापांच्या सामाजिक स्थानावरून आधीच ठरून जातं. बलुतेदारीच्या काळात सुताराच्या मुलाला “काय व्हायचंय तुला?” असं कोणी विचारत नसे. आज हा प्रश्न बालवाडीतल्या मुलालाही विचारतात. विचारणाऱ्याला कोणतं उत्तर आवडतं, तेही मूल तिथेच शिकतं.

वाट आपण धरली की आपल्याला धरायला लावली, या जाणिवेला संशोधनाची भाषा मिळाली ती अमेरिकेत. रिचर्ड डी-चार्म्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये तिची दोन टोकं सांगितली. एका टोकाला आपल्या कृतीचा उगम आपणच आहोत असं वाटणारा माणूस, दुसऱ्या टोकाला आपण कोणाच्या तरी पटावरचं प्यादं आहोत असं वाटणारा. पुढे रॉचेस्टर विद्यापीठातल्या एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी या दोन टोकांमधली जागा भरून काढली. त्यांच्या स्वयंनिर्धारण सिद्धान्ताचं म्हणणं थोडक्यात असं, की माणूस एखादी गोष्ट कशासाठी करतो यावरून त्याची मोकळीक कळते, आणि या कारणांना पायऱ्या असतात.

एक मुलगी रात्री अकरा वाजता मोबाइलवर आर्किटेक्चरच्या कॉलेजांची माहिती चाळते आहे. का? “बाबांनी बघायला सांगितलंय, सकाळी विचारतील.” किंवा, “नाही बघितलं तर मनाला टोचत राहील, सगळे माझ्यासाठी एवढं करतायत.” किंवा, “पुढचं ठरवायचं तर हे माहीत असायलाच हवं.” किंवा, “बघायला मजा येतेय, ते नकाशे, त्या इमारती.” बोट तेच, पडदा तोच, वेळही तीच. पहिलं कारण बाहेरचं. दुसरं बाहेरून आत आलेलं, पण अजून पाहुणं. तिसरं पटलेलं. चौथं निव्वळ आनंदाचं.

यांतल्या दुसऱ्या पायरीवर जरा थांबायला हवं, कारण मराठी मध्यमवर्गीय घरांत सक्ती बहुधा याच वेषात येते. कोणी आवाज चढवत नाही. “आम्ही काही म्हणत नाही बाबा, तुझं तू ठरव,” असं म्हणून झाल्यावर जेवणाच्या टेबलावर जी शांतता पसरते, तिच्यात निर्णय होऊन जातो. ‘शिक्षणाच्या आयचा घो’ या २०१० च्या चित्रपटातला बाप मुलावर हात उगारतो, म्हणून तो प्रेक्षकाला लगेच ओळखू येतो. या शांततेचं चित्रण अवघड. प्रश्नावलीला मात्र ती सापडू शकते.

कॅनडातल्या क्वेबेकमधल्या लावाल विद्यापीठाचे फ्रेदेरिक गे यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेली मोजपट्टी याच कामाची. करिअरचा निर्णय म्हणजे एका दिवशी घेतलेला एकच निर्णय असं ती मानत नाही. माहिती मिळवणं, आपल्याला कशाचं मोल वाटतं ते ओळखणं, आवडीशी जुळणारा पर्याय शोधणं, ठरवलेल्या गोष्टीसाठी कष्ट घेणं, अशा आठ कृती ती घेते. प्रत्येक कृतीसमोर वर सांगितलेली चार कारणं, आणि प्रत्येक कारण आपल्याला किती लागू पडतं याला १ ते ७ गुण. एकूण बत्तीस विधानं. अर्ध्या तासाच्या आत वर्गाचं काम आटोपतं.

पुढे बेरीज-वजाबाकी. कारणांना वजनं द्यायची जुनी रीत रायन आणि जेम्स कॉनेल यांच्या १९८९ च्या कामापासून चालत आली आहे: आनंदाला अधिक २, पटण्याला अधिक १, टोचणीला उणे १, सक्तीला उणे २. समजा, त्या रात्री जागणाऱ्या मुलीची सरासरी आनंदाला ३, पटण्याला ६, टोचणीला ६ आणि सक्तीला ५ आली. मग हिशोब असा: ६ अधिक ६, वजा ६, वजा १०. म्हणजे उणे ४. ही पट्टी उणे १८ पासून अधिक १८ पर्यंत जाते, तेव्हा मुलगी मधल्या रेषेच्या किंचित खाली आहे. पण चारही आकडे वेगवेगळे वाचले की जास्त कळतं. तिला हे सगळं मनापासून पटलेलं आहे (६), आणि तरीही धाक सुटलेला नाही (५). समुपदेशकाने बोलायला बसायचं ते उणे ४ घेऊन नव्हे, या विसंगतीला धरून.

एका आकड्यावर भिस्त ठेवली की काय होतं, त्याचं आणखी साधं उदाहरण शून्याचं. एका मुलाने चारही कारणांना १ दिला, दुसऱ्याने चारही कारणांना ७. दोघांचीही बेरीज शून्य. पहिल्याला कशाचंच काही नाही. दुसऱ्याच्या डोक्यात आवड, पटणं, टोचणी आणि धाक अशी चारही वादळं एकदम घोंघावतायत. अहवालात दोघे शेजारी शेजारी. ज्या शाळेला या मोजपट्टीचा उपयोग करायचा आहे तिने निदान एवढं लक्षात ठेवावं.

हे मोजून उपयोग काय, असाही प्रश्न येतो. गे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच २००३ मध्ये दाखवलेली गोष्ट पालकांच्या थेट कामाची आहे. आईवडील आणि मित्र जिथे मुलाच्या मताला आधार देतात, तिथे मुलाचा स्वतःवरचा भरवसा आणि मोकळीक जास्त दिसते, आणि ‘काय करावं तेच कळत नाही’ ही अवस्था कमी. म्हणजे मुलाचं लवकर एकदा ठरावं म्हणून जो रेटा लावला जातो, तोच ठरण्याच्या आड येत असावा.

इथे कोणीतरी हमखास म्हणतं, हे सगळं पाश्चात्त्यांचं खूळ, आपल्याकडे निर्णय घर घेतं आणि त्यात काही बिघडत नाही. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या जागी फार बोलका आहे. सॅन फ्रान्सिस्कोतली सात ते नऊ वर्षांची मुलं, काही गोऱ्या अमेरिकी घरांतली, काही आशियाई वंशाच्या. कामं तीच, शब्दकोड्यांची. काहींनी कोडं स्वतः निवडलं, काहींना प्रयोग घेणाऱ्या बाईंनी दिलं, आणि काहींना सांगितलं गेलं, “हे तुझ्या आईने तुझ्यासाठी निवडलंय.” गोऱ्या घरांतली मुलं स्वतः निवडलेल्या कोड्यात सर्वाधिक रमली. आशियाई घरांतली मुलं आईने निवडलेल्या कोड्यात. अनोळखी बाईंनी दिलेलं कोडं दोघांनाही तितकंसं भावलं नाही.

याचा अर्थ आशियाई मुलांना मोकळीक नको असते, असा घाईने काढू नये. व्हॅलेरी चिरकोव्ह, रायन आणि इतरांनी २००३ मध्ये दक्षिण कोरिया, रशिया, तुर्कस्तान आणि अमेरिका या चार देशांतल्या विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासात स्वायत्तता आणि एकटेपणाने निर्णय घेणं या दोन गोष्टी मुद्दाम वेगळ्या काढल्या. आईचं ऐकणारा मुलगा ते पटून ऐकत असेल तर तो मोकळाच असतो. मित्रांना शह द्यायचा म्हणून हट्टाने आर्ट्स घेणारा, कोणाचंही न ऐकता, बांधलेला असू शकतो. म्हणून ‘निर्णय कोणी घेतला: मी / पालक / दोघांनी मिळून’ असा एक प्रश्न विचारून मोकळीक मोजल्याचं समाधान मानणाऱ्या पाहण्या फार कामाच्या नाहीत, हे स्पष्ट सांगायला हवं.

मोजपट्टी मराठीत आणताना खरी गंमत सुरू होते. ‘स्वायत्तता’ म्हटलं की आपल्या विद्यार्थ्याला स्वायत्त महाविद्यालय आठवतं. ‘स्वातंत्र्य’ म्हटलं की पंधरा ऑगस्ट. ‘मला अपराधी वाटेल’ हे वाक्य व्याकरणाने बिनचूक आहे, पण नांदेडचा किंवा चिपळूणचा सोळा वर्षांचा मुलगा असं कधी म्हणत नाही. तो म्हणतो, “घरी काय तोंड दाखवू?” किंवा “पप्पांनी एवढं कर्ज काढलंय.” हे शब्द प्रश्नावलीत आले तरच टोचणी मोजली जाईल, नाहीतर भाषांतरच मोजलं जाईल. इंग्रजीतून मराठीत आणि दुसऱ्याकडून पुन्हा इंग्रजीत भाषांतर करून ताडून पाहण्याची पद्धत संशोधनात रूढ आहे, आणि ती आवश्यकच. पण पाच-सहा मुलांना समोर बसवून “या वाक्याचा तुला काय अर्थ लागला?” असं विचारण्याला पर्याय नाही. वाक्यं तिथे पडतात, आणि पडलेली बरी.

आतापर्यंत बोलणं चाललं ते सायन्सच्या दबावाबद्दल. शहरात बसून लिहिणाऱ्याचा हा नेहमीचा आंधळा कोपरा. ग्रामीण शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या ‘असर’च्या २०२३ च्या पाहणीत देशभरातल्या २८ जिल्ह्यांतल्या १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलामुलींकडे पाहिलं गेलं, तेव्हा अकरावी किंवा त्यापुढे शिकणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक, ५५.७ टक्के, कला शाखेत होते. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या वाटेवर मुलगे ३६.३ टक्के, मुली २८.१ टक्के. पुण्या-ठाण्यातला मुलगा सायन्समध्ये ढकलला जातो, आणि खेड्यातली मुलगी आर्ट्समध्ये राहते, कारण गावाजवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात आर्ट्सच असतं. सायन्स तालुक्याला. अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे. पण प्रॅक्टिकल साडेपाचला संपतं आणि गावाची शेवटची गाडी पाचला सुटली असेल, तर त्या पासाचं काय करायचं? या मुलीला ‘तुझ्यावर कोणाचा दबाव होता का’ असं विचारलं तर ती खरेपणाने “नाही” म्हणेल. कोणाचाच नव्हता. एसटीच्या वेळापत्रकाला कोणी दबाव म्हणत नाही.

आणखी अवघड प्रकार म्हणजे, न मिळणारी गोष्ट मनानेच खोडून टाकणं. कोल्ह्याला द्राक्षं आंबट, हे आपण लहानपणीच शिकतो. नॉर्वेचे तत्त्वज्ञ यॉन एल्स्टर यांनी १९८३ मध्ये याच म्हणीच्या नावाचं अख्खं पुस्तक लिहिलं. ज्या मुलीने मर्चंट नेव्हीचा विचारही कधी केला नाही, तिला ती वाट बंद असल्याचं दुःख कुठून असणार? मोकळिकीच्या पट्टीवर ती वरच्या गुणांनी पास होईल. फ्लोरिडा विद्यापीठाचे रायन डफी आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये विद्यार्थ्यांसाठी केलेली सोळा विधानांची मोजपट्टी या बाबतीत जास्त व्यवहारी आहे. तिच्यात दोन स्वतंत्र भाग आहेत: आपल्याला हवं ते काम निवडता येईल असं किती वाटतं, आणि वाटेत कोणत्या अडचणी दिसतात. पैसा, घरची परिस्थिती हे दुसऱ्या भागात उघडपणे येतं. भारतातल्या कामासाठी गे यांची कारणांची पट्टी आणि डफी यांची अडचणींची पट्टी, दोन्ही बरोबर वापरल्या पाहिजेत. एकटी कोणतीही अपुरी आहे.

महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क माफ केलं. एक अडचण त्यामुळे कमी झाली. मुलींना त्यामुळे मोकळं वाटू लागलं का, हे कळायचं तर आधीचा आणि नंतरचा असे दोन आकडे हवेत. शुल्कमाफीचा खर्च सरकार मोजतंच. मोकळिकीचे हे आकडे मिळवायला त्यामानाने काहीच लागत नाही.

पर्याय वाढले की मोकळीक वाढते, या समजुतीलाही आकडे साथ देत नाहीत. ‘ओईसीडी’ या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेने जानेवारी २०२० मध्ये ४१ देशांतल्या पंधरा वर्षांच्या मुलांबद्दल सांगितलं, की ४७ टक्के मुलगे आणि ५३ टक्के मुली तिशीत स्वतःला ज्या कामांत पाहतात ती कामं फक्त दहा आहेत. २००० सालानंतर हे प्रमाण वाढलेलं आहे. त्या काळात जगात नव्या व्यवसायांची भर पडली, स्वप्नांची यादी मात्र आखडली. आपल्याकडे २०२४ च्या ‘नीट’ला चोवीस लाखांवर अर्ज आले. एमबीबीएसच्या जागा तेव्हा होत्या साधारण एक लाख दहा हजारांच्या आत-बाहेर. या गर्दीतल्या किती जणांनी ‘घेतलं’ आणि किती जणांना ‘टाकलं’, याचा हिशोब कोणत्याच निकालपत्रात नसतो.

अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाचा अर्ज २०२५ पासून सगळ्या राज्यात एकच झाला. त्यात एका रकान्याचं नाव फार सुंदर आहे: पसंतीक्रम. दहा कॉलेजांपर्यंत नावं भरता येतात. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर प्रवेश घ्यावाच लागतो. हा रकाना अनेकदा सायबर कॅफेत, मागच्या वर्षीचे कटऑफ समोर ठेवून, वडील किंवा क्लासवाले सर भरतात. विद्यार्थी शेजारच्या स्टुलावर बसून ओटीपी सांगतो.

या मोजपट्ट्या शाळांत येतील तेव्हा त्यांचं काय होईल, याची धास्ती वाटावी असा आपला इतिहास आहे. उद्या ‘मोकळीक निर्देशांकात आमची शाळा जिल्ह्यात पहिली’ असा फ्लेक्स चौकात लागू शकतो. क्लासवाले मुलांकडून आदर्श उत्तरांचा सराव करून घेऊ शकतात. पालकसभेत वर्गशिक्षक एखाद्या आईला सांगू शकतात, “तुमच्या मुलाला तुमचा धाक वाटतो असं आलंय.” त्या रात्री त्या घरात काय होईल, हे सांगायला नको. एकेका मुलाचा आकडा मुलापाशी आणि समुपदेशकापाशी राहावा, शाळेने फक्त वर्गाची सरासरी पाहावी, तीही चारही कारणांची वेगवेगळी.

म्हणून शिक्षकांना एकच विनंती. प्रश्नावली वाटण्यापूर्वी वर्गाला सांगा, की ही उत्तरं घरी जाणार नाहीत. आणि मग ती खरोखरच घरी पाठवू नका.